कोणती दरज बुजवायची, कोणती राखायची

मिग-२१च्या पंखांचा विस्तार सात मीटरच्या थोडा वर होता. तेच विमान १/७२ प्रमाणात टेबलावर आलं की पंखांच्या दोन टोकांत जेमतेम दहा सेंटिमीटर अंतर उरतं. या मापात पाव मिलिमीटरची फट खऱ्या विमानावर अठरा मिलिमीटरची होते. अंगठा जाईल एवढी भेग पाठीवर घेऊन कुठलंही लढाऊ विमान धावपट्टीवर उभं राहत नाही. प्लॅस्टिकच्या मॉडेलचे दोन अर्धे भाग जोडल्यावर मधे दिसणारी बारीक रेघ म्हणूनच एवढी खटकते. रंग कितीही सुबक लावा, नजर आधी त्या रेघेवर जाते.

मी चिखलीत राहून हे काम करतो. इथे मॉडेलचं दुकान नाही. किट कुरिअरनं मागवावी लागते, आणि परदेशी पुट्टीची छोटी ट्यूब मागवायची तर भाड्यासकट तिची किंमत किटच्या जवळपास जाते. तरी दरजा बुजवण्याचं काम अडत नाही. लागणारं जवळजवळ सगळं सामान गावातल्या पेंटच्या दुकानात, हार्डवेअरमध्ये, मेडिकलमध्ये आणि कटलरीच्या दुकानात मिळतं. बहुतेकांचं अडतं ते सामानाच्या आधी, म्हणजे कोणती रेघ बुजवायची हे न ठरवता पुट्टी हातात घेतात तिथे.

उदाहरणासाठी मिग-२१च घेतो, कारण तो आपल्या ओळखीचा आहे. १९६३ मध्ये तो भारतीय हवाई दलात आला. पुढे नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तो बनू लागला. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला त्याला निरोप दिला गेला. महाराष्ट्राच्या मातीत बांधलं गेलेलं विमान आपण पुन्हा एकदा, बोटाएवढ्या आकारात, बांधतो आहोत. मला ही गोष्ट लहान वाटत नाही.

माझ्या पहिल्या मिगवर मी आठवडाभर राबलो होतो. पाठीवरची रेघ गेली, पोटावरची गेली, आणि शेपटीच्या पुढे धडाला गोल वेढा घालणारी एक ठसठशीत दरज होती, तीही मी भरून, घासून बेमालूम केली. विमान अंड्यासारखं गुळगुळीत झालं. ओळखीचे एक काका हवाई दलातून निवृत्त झालेले. ते घरी आले, त्यांनी मॉडेल दोन बोटांत धरून उजेडाकडे फिरवलं आणि विचारलं, "याची शेपूट कुठून सुटते? इंजिन काढायचं कसं?" मिग-२१चं इंजिन काढायचं असेल तर धडाचा मागचा भागच सोडवून मागे ओढतात. मी बुजवली होती ती नेमकी तीच जागा. खऱ्या विमानावर ती दरज असते, दिसते, दिसलीच पाहिजे.

तेव्हापासून किट उघडली की आधी पेन्सिली घेतो. किटसोबतच्या सूचनापत्रावर विमानाची चित्रं असतात. त्यांच्यावर बुजवायच्या रेघा लाल करतो, राखायच्या निळ्या. खऱ्या विमानाचे चार-पाच चांगले फोटो शेजारी ठेवायचे, पाठीवरून, पोटाखालून, बाजूनं काढलेले. दिल्लीला जाणं झालं तर पालमच्या हवाई दल संग्रहालयात जाऊन प्रत्यक्ष पाहावं. मिगपुरतं सांगायचं तर पाठीच्या कण्यावरची आणि पोटावरची मधली रेघ लाल, कारण ती साच्याची आहे, विमानाची नाही. शेपटीचा वेढा निळा. नाकाच्या टोकाला हवा आत घेणारी कडी असते, तिच्या मागचा सांधाही निळा. पंख धडाला मिळतो तिथली गोष्ट जरा वेगळी. तिथे खऱ्या विमानावरही रेघ असते, पण केसाएवढी. म्हणजे ती पुसायची नाही, बारीक करायची. हे तिसरं काम पेन्सिलीच्या दोन रंगांत मावत नाही, म्हणून मी तिथे दोन्ही रंग लावतो.

गणपतीच्या कारखान्यात साच्यातून मूर्ती निघते तेव्हा तिच्या कडेला साच्याची रेघ उमटलेली असते. मूर्तिकार ती कोरतो, ओल्या ब्रशनं पुसतो, पण सोवळ्याच्या चुण्यांना धक्का लावत नाही. कुठली रेघ साच्याची आणि कुठली देवाच्या वस्त्राची हे त्याला न बघता कळतं. आपल्याला तेच शिकायचं आहे.

आता जोडणी. चांगल्या जोडणीनं निम्मी पुट्टी वाचते, हे अतिशयोक्तीनं सांगत नाही. दोन्ही अर्धे भाग आधी कोरडेच एकमेकांवर ठेवून पाहा. आतल्या खुंट्या नीट बसत नसतील आणि त्यांच्यामुळे एक बाजू वर, एक खाली होत असेल, तर खुंट्या सरळ कापून टाका आणि बोटांनी जुळवा. फट परवडते, पायरी परवडत नाही. पायरीवर पुट्टी थापली की ती फक्त उताराची होते, आणि तो उतार चकाकत्या रंगाखाली लगेच उघडा पडतो. स्प्रू म्हणजे सुटे भाग ज्या चौकटीला जोडून येतात ती. तिच्यापासून भाग कापताना राहिलेलं बोंड जोडणीच्या कडेवर असेल तर तेही आधीच सपाट करा. मिगच्या नाकात वजन घालायचं असतं, नाही तर तो शेपटीवर बसतो. सायकलच्या बेअरिंगचे छर्रे चालतात. धड बंद करण्याआधी ते चिकटवून घ्या, नंतर आत हात जात नाही.

या मॉडेलचं प्लॅस्टिक पॉलिस्टायरीन असतं. त्याचा खास सिमेंट पाण्यासारखा पातळ येतो. तो चिकटवत नाही, प्लॅस्टिकची कड विरघळवून दोन भाग एकमेकांत मिसळवतो, लोखंडाच्या वेल्डिंगसारखं. याचाच फायदा घ्यायचा. धड रबरबँड आणि टेपनं हलकं बांधा, ब्रशचं टोक फटीला टेकवा, सिमेंट आपोआप फटीत धावतो. एका वेळी तीन-चार सेंटिमीटरच घ्या. दहा सेकंद थांबा आणि दोन्ही बाजूंनी दाबा. वितळलेल्या प्लॅस्टिकचा एक बारीक वरंबा रेघेवर उमटेल. तो पुसू नका. तोच तुमची पुट्टी आहे, त्याच रंगाची, त्याच जातीची, आणि पुढे घासताना शेजारच्या प्लॅस्टिकएवढीच कडक. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या आसपास असतो, सिमेंट ब्रशवरच उडून जातो. म्हणून उन्हाळ्यात हे काम मी पहाटे करतो, पंखा बंद ठेवून, पण खिडकी उघडी. वास डोक्यात जाऊ देऊ नये.

पीव्हीसी पाइपचं सोल्युशन वापरून पाहायचा मोह आवरा. ते फार जोरात खातं. पंखाच्या पातळ कडेला लाटा येतात आणि त्या परत सरळ होत नाहीत.

मग थांबायचं. सगळ्यांत अवघड पायरी हीच. चोवीस तास तरी, आणि जमलं तर तीन दिवस. विरघळलेल्या प्लॅस्टिकमधला द्रव हळूहळू बाहेर जातो आणि प्लॅस्टिक आक्रसतं. दुसऱ्या दिवशी घासून सपाट केलेली जागा आठवड्यानं, रंग दिल्यानंतर, पुन्हा खोलगट होते आणि बुजवलेली रेघ भुतासारखी वर येते. ती पुट्टीची चूक नसते, घाईची असते.

घासताना आधी पात्याच्या पाठीनं वरंबा खरवडून काढा. पातं रेघेला काटकोनात धरून पुढून मागे ओढायचं, कापायचं नाही. नंतर वॉटर पेपर, म्हणजे गाड्या रंगवणारे पाण्यात भिजवून वापरतात तो काळा कागद. चारशेनं सुरुवात, मग सहाशे, हजार, पंधराशे. पाण्यात घासलं की धूळ उडत नाही आणि कागद भरत नाही. सपाट पंखावर कागद आइस्क्रीमच्या काडीला चिकटवा. पण धड गोल आहे, त्याच्यावर काडी चालवली की पाठ चपटी होते. तिथे कटलरीच्या दुकानातला नखं घासायचा स्पंजवाला बफर उत्तम. तो रेघेच्या दिशेनं न चालवता, धडाला मिठी मारल्यासारखा आडवा, बाजूकडून बाजूकडे फिरवायचा. हे एकदा हाताला लागलं की गोलाई राहते.

इतकं करूनही जिथे फट उरेल तिथेच पुट्टी. आणि एकच पुट्टी सगळीकडे नाही.

मिगच्या पाठीवर बारीक, लांब फट राहिली असेल तर मी फेविक्विक वापरतो. मेडिकलमधली टाल्कम पावडर काचेवर चिमूटभर घ्यायची, त्यात दोन थेंब टाकून टाचणीनं कालवायचं आणि टाचणीच्याच टोकानं फटीत भरायचं. हे मिश्रण आक्रसत नाही आणि त्याच्यावर पुढे बारीक रेघ कोरता येते, तिच्या कडा तुटत नाहीत. अट एक आहे. घट्ट झाल्यावर तासाभरात घासून टाका. रात्रभर ठेवलं तर ते प्लॅस्टिकपेक्षा कडक होतं, मग कागद मऊ प्लॅस्टिकच खातो आणि दोन्ही बाजूंना चर पडतात, मधे वरंबा उभा राहतो. पावसाळ्यात फेविक्विक लवकर पकडतं, कारण हवेतली ओल त्याला घट्ट करते. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत थोडं जास्त थांबावं लागतं. टाल्कमऐवजी खाण्याचा सोडा टाकला तर ते क्षणात दगडासारखं होतं. मोठं छिद्र बंद करायला ठीक, पण दिसणाऱ्या जागी नको.

गाड्यांची एनसी पुट्टी पेंटच्या दुकानात डब्यात मिळते. ती कशी लावायची हे मला गावातल्याच एका गॅरेजमधल्या पेंटरनं शिकवलं. मी काडीवर लोण्यासारखा गोळा घेतला होता. त्यांनी माझा हात धरला. "भाऊ, जाड नोका लावू. पातय लावा, सुकू द्या, मंग दुसरा हात मारा." पुट्टीतला थिनर उडतो तशी ती बसते, म्हणून एका जाड थरापेक्षा तीन पातळ थर खरे. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. रेघेच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावायचा, मधे पुट्टी ओढायची आणि ती ओली असतानाच टेप काढायचा. पुट्टी फटीतच राहते, शेजारचे रिव्हेट आणि पॅनेलच्या रेघा बुजत नाहीत. तो थिनर पॉलिस्टायरीन खातो, हे मात्र गाडीचा पत्रा रंगवणाऱ्याला माहीत असायचं कारण नाही. पंखाच्या मागच्या पातळ कडेवर ती लावू नका.

पोटाखालची मोठी पोकळी, चाकांच्या खाचांशेजारचे कोपरे, अशा जागी एम-सील. दोन्ही भाग समान घेऊन मळायचे, दाबून भरायचे, आणि बोट पाण्यात बुडवून वर फिरवायचं. ओल्या बोटानं जेवढं साफ कराल तेवढं नंतर घासावं लागत नाही. दाणा जरा मोठा असतो, त्यामुळे वरून एनसीचा एक पातळ हात द्यावा लागतो.

पंखाच्या मुळाशी मोठी फट असेल तर पुट्टी हे उत्तरच नाही. फटीत प्लॅस्टिकची पट्टी बसवा. पट्टी कुठून आणायची? पांढऱ्या डिस्पोजेबल कपाच्या तळाला त्रिकोणात ६ हा आकडा असेल तर तो कप पॉलिस्टायरीनचा आहे. त्याची पट्टी कापा, फटीत सरकवा, सिमेंट लावा, वाळल्यावर उरलेली कड कापून टाका. किंवा स्प्रूचा तुकडा मेणबत्तीच्या वर धरा, ज्योतीत नाही. मऊ झाला की दोन्ही हातांनी सावकाश ओढा, दोऱ्याएवढा तंतू मिळतो. तो फटीत ठेवून वरून सिमेंट फिरवा. मेणबत्ती पेटलेली असताना थिनर आणि सिमेंटच्या बाटल्या दुसऱ्या खोलीत हव्यात, मुलांना तर हे काम एकट्यानं करू देऊच नका. आणि पंखाच्या मुळाशी राखायची ती केसाएवढी रेघ? शेवटी भिंतीची अॅक्रिलिक पुट्टी पाण्यात सैल करून तिथे भरतो आणि लगेच ओल्या बोळ्यानं पुसून घेतो. खाचेत राहते तेवढीच राहते, घासावं लागत नाही.

कॉकपिटच्या काचेजवळ फेविक्विकचा थेंबही नको. त्याच्या वाफेनं काच दुधाळ होते. तिथे साधं फेविकॉल. वाळल्यावर ते पारदर्शक होतं आणि छोटी फटही भरतं.

सगळं झाल्यावर डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. प्लॅस्टिक, पुट्टी, फेविक्विक यांचे रंग वेगवेगळे असतात, त्यामुळे रेघ आहे की नुसता रंगाचा फरक, हे कळत नाही. बोटाच्या टोकानं, डोळे मिटून, रेघेच्या आडवं फिरवून पाहा. बोटाला जी पायरी लागते ती डोळ्याला दिसलेली नसते. मग राखाडी प्रायमर. स्प्रे आधी स्प्रूच्या तुकड्यावर मारून बघा, काही प्रायमर प्लॅस्टिकला खडबडीत करतात. पातळ हात मारून झाला की खोली अंधारी करा आणि मोबाइलचा टॉर्च मॉडेलच्या अगदी कडेनं, आडवा धरा. सावली पडली तर खड्डा आहे. प्रायमर वाळल्यावर त्या जागेवर पेन्सिल चोळायची आणि हजारच्या कागदानं दोन-चार हात फिरवायचे. उंच जागेवरची पेन्सिल निघून जाते, खोलगट जागेत काळी राहते. काळं दिसेल तिथेच पुन्हा पुट्टी. मी हे दोनदा, तीनदा करतो. हिरव्या-तपकिरी रंगाखाली थोडं लपतं, पण साठच्या दशकातल्या मिगसारखं चंदेरी विमान करायचं असेल तर काहीच लपत नाही.

घासताना ज्या निळ्या रेघा पुसल्या गेल्या त्या परत कोराव्या लागतात. शिवणाची बारीक सुई पिन-व्हाइसमध्ये, म्हणजे सुई धरायच्या छोट्या मुठीत, पकडा. लेबल मशीनचा जाड, कडक टेप रेघेच्या बाजूनं लावा, साधा मास्किंग टेप सुईला अडवत नाही. पहिला हात अगदी हलका, नुसती खूण. दाबलं की सुई भरकटते. पाच-सहा हलके हात, मग पंधराशेच्या कागदानं वर आलेली कड काढा आणि जुन्या टूथब्रशनं खाच झाडून घ्या. सुई घसरलीच तर घाबरू नका, त्या ओरखड्यात फेविक्विकचा एक कण भरा, लगेच घासा, टेप परत लावा.

शेपटीचा वेढा कोरायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागतो, कारण गोल धडावर टेप सरळ बसत नाही. टेपच्या एक मिलिमीटर रुंद पट्ट्या कापून, चार तुकड्यांत, एकमेकांना टेकवत फिरवल्या तर बसतो. पहिल्या मिगवर बुजवलेला वेढा मी असाच परत कोरला. काकांना तो पुन्हा दाखवायला नेला, तेव्हा त्यांनी नखाचं टोक त्या खाचेत घातलं आणि धडाभोवती पूर्ण फेरी मारली. कुठेही अडकलं नाही. मग त्यांनी विमान उलटं केलं, पोटाखालच्या तेलाच्या टाकीकडे बघितलं आणि म्हणाले, "टाकीची मधली रेघ अजून दिसते बरं का." ती टाकी आता खिडकीत वाळते आहे, परवा तिसरा दिवस.